पेटीच्या आधी पोहोचणारा कागद

मंडळी, सुरुवातीलाच सांगतो, मी सिनेमाचा अभ्यासक नाही. मी छपाईतला माणूस. खिळे, म्हणजे शिशाची अक्षरे, जुळवायला शिकवायचे, छापायच्या ठोकळ्याची उंची तपासायची, कुठल्या कागदाला किती शाई लागते ते पोरांच्या हाताला कळेपर्यंत त्यांच्यामागे उभे राहायचे, यात माझी नोकरी संपली. मूकपटांपर्यंत मी पोहोचलो तो त्यांच्या कागदांमुळे. पोस्टर, हँडबिल, कार्यक्रमपत्रिका, कथासाराची पुस्तिका. जुने हँडबिल हाती आले की लोक आधी नटाचे नाव वाचतात. मी ते उलटे करून पाहतो. दाब किती पडलाय, शाई मागे फुटलीय का, कागद चिंध्यांच्या लगद्याचा की लाकडाच्या. तेव्हा आज पडद्यावरच्या गोष्टी थोड्या आणि पडद्याच्या आधी काय घडायचे ते जास्त, असे हे बोलणे असणार आहे.

सिनेमाची जाहिरात प्रेक्षकासाठी असते असे आपण धरून चालतो. मूकपटांच्या काळातले कागद वाचायला लागलो तेव्हा माझ्या लक्षात आले की त्यांतला निम्मा मजकूर प्रेक्षकासाठी लिहिलेलाच नाही. तो थिएटरवाल्यासाठी आहे. निर्मात्याचे पहिले गिऱ्हाईक थिएटरवाला. त्याने पट लावायचे ठरवले तर पुढे प्रेक्षकाचा प्रश्न येणार. त्याने नाही म्हटले तर रिळे डब्यातच. रिळांची पेटी गावात यायची ती खेळाच्या तोंडावर. कागद मात्र कितीतरी आधी पोस्टाने यायचा. पट न पाहताच थिएटरवाल्याला निर्णय घ्यायचा असायचा, आणि त्या निर्णयासाठी त्याच्या हातात हा कागदच असायचा.

खेळ संपल्यावर पेटी पुढच्या गावी गेली. कागद मागे राहिला.

हे मागे राहणे किती महत्त्वाचे ठरले ते आकड्यांत सांगतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली एक अहवाल काढला. तिथे मूकपटांच्या काळात पूर्ण लांबीचे सुमारे ११ हजार पट निघाले, त्यांपैकी मूळ स्वरूपात आज टिकून आहेत फक्त १४ टक्के. आपल्याकडे तर तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असे मानतात, आणि पूर्ण पाहता येतील असे बोटांवर मोजावे लागतात. तेव्हाची फिल्म नायट्रेट या रसायनाची. ती पेट घेते, घामेजते, चिकटते, शेवटी तिची पूड होते. शिवाय बोलपट आल्यावर जुन्या पटाला किंमत उरली नाही. त्यातली चांदी काढण्यासाठी कितीतरी फिल्म विकली गेली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि वाचवून आणलेल्यातले बरेचसे तिने नेले. म्हणजे बहुसंख्य मूकपट आज आपल्याला माहीत आहेत ते त्यांच्या जाहिरातीपुरते. पट नाही, त्याची शिफारस आहे. ती कुणी, कुणाला आणि कशासाठी केली होती हे समजून घेतल्याशिवाय आपण ती वाचू शकत नाही.

ही शिफारस करण्याचा पद्धतशीर धंदा अमेरिकेत उभा राहिला, म्हणून आधी तिकडे जाऊ.

१९१० च्या आधी तिथे पट विकला जायचा फुटांवर, कापडासारखा. एका रिळाचे तुकडे, आज आलेले उद्या बदलायचे. थिएटरवाला पटाचे नावही पाहत नसे, कंपनीचा शिक्का पाहायचा. नटांची नावे कंपन्या मुद्दाम छापत नसत. त्यात कार्ल लेमली या निर्मात्याने १९१० साली एक खेळी केली. फ्लॉरेन्स लॉरेन्स नावाची लोकप्रिय नटी सेंट लुइसमध्ये ट्रामच्या अपघातात गेल्याची अफवा पसरली. लेमलीने मार्च महिन्यात ‘मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड’ या साप्ताहिकात मोठी जाहिरात देऊन ती अफवा खोडून काढली आणि नटीला त्याच शहरात लोकांसमोर उभे केले. ती अफवा त्यानेच उठवली होती असे बरेच जण मानतात. मला त्या हकिगतीत दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ती जाहिरात ज्या साप्ताहिकात आली ते सामान्य वाचकाचे नव्हतेच. ते थिएटरवाल्यांचे होते. नटीचे नाव हा विकण्याचा माल आहे, हे लेमली आधी दुकानदाराला सांगत होता.

मग लांब पट आले. १९१२ च्या जुलैत अ‍ॅडॉल्फ झुकोर या निर्मात्याने सारा बर्नहार्ट या नाटकातल्या नामांकित नटीचा चार रिळांचा फ्रेंच पट न्यू यॉर्कच्या लायसियम या नाटकाच्या थिएटरात दाखवला. इतका लांब पट लोक बसून पाहतील का, अशी शंका होती. झुकोरने तो ‘स्टेट राइट्स’ पद्धतीने विकला. म्हणजे एकेका राज्याचा हक्क एकेका माणसाला ठोक रकमेत द्यायचा आणि त्या माणसाने आपल्या मुलखात थिएटरवाल्यांकडून पैसे उभे करायचे. हक्क घेणाऱ्याने गाठीचे पैसे घातलेले असत, त्यामुळे आपल्या भागात तो जीव तोडून ओरडायचा. पूर्ण लांबीच्या पटाची जोरदार जाहिरात इथून सुरू झाली असे मला वाटते. एक रीळ पडले तर दुसऱ्या दिवशी दुसरे यायचे. चार, सहा, आठ रिळांचा पट पडला तर आठवडा बुडायचा.

आता ‘प्रेसबुक’ सांगतो, आणि इथे थोडा वेळ घेणार आहे, कारण मुद्रकाच्या दृष्टीने इतकी हुशारीची वस्तू मी क्वचित पाहिली. वर्तमानपत्राच्या आकाराची एक चोपडी. वितरक ती थिएटरवाल्याला पाठवायचा. तिच्यात पटाचे कथासार, नटांची माहिती आणि तयार बातम्या असत. बातम्या लिहूनच दिलेल्या, फक्त थिएटरच्या नावाची जागा कोरी. थिएटरवाल्याने त्या जागी आपले नाव घालायचे आणि गावच्या संपादकाकडे नेऊन द्यायचे. शेवटी जाहिरातींचे नमुने, एका कॉलमपासून पानभरापर्यंत, प्रत्येकाला क्रमांक. हवा तो क्रमांक कळवला की तिकडून ‘मॅट’ यायची.

मॅट म्हणजे कागदाच्या लगद्याचा दाबून केलेला साचा. गावातल्या छापखान्यात चित्र कोरणारा कारागीर कुठून असणार? पण शिसे वितळवायची सोय असायची. त्या साच्यात शिसे ओतले की ठोकळा तयार. न्यू यॉर्कमधल्या चित्रकाराने काढलेले चित्र, हजार मैलांवरच्या खेड्यातल्या चार पानी वर्तमानपत्रात, जसेच्या तसे. साचा वजनाला पत्राइतका, म्हणून टपालखर्चही किरकोळ. मी विद्यार्थ्यांना ठोकळे शिकवताना हे उदाहरण नेहमी द्यायचो. साऱ्या देशात एकाच पटाचे एकच रूप दिसायला लागले, त्यात या पुठ्ठ्याच्या साच्याचा वाटा मोठा आहे.

पोस्टरांचेही माप ठरून गेले. ‘वन शीट’ म्हणजे २७ बाय ४१ इंच. तिच्या पटीत तीन, सहा, आणि रस्त्यावरच्या मोठ्या फलकासाठी चोवीस शीट, साधारण ९ फूट उंच आणि २० फूट रुंद. थिएटरच्या दारातल्या खोलीत लावायची ११ बाय १४ इंचांची रंगीत कार्डे, बहुधा आठांचा संच. ती परत करायची असत. म्हणून जुन्या कार्डांच्या कोपऱ्यांत टाचण्यांची भोके दिसतात, एकाशेजारी एक. जितकी भोके तितकी गावे. मध्यंतरात पडद्यावर दाखवायला काचेच्या स्लाइडी. ही पोस्टरे पुष्कळदा क्लीव्हलँड शहरात छापली जात, आणि छपाई शिळेवरची. ज्या भागात शाई हवी तिथे चरबीच्या काडीने चित्र काढायचे, दगड ओला करायचा. पाणी धरलेल्या जागी शाई बसत नाही. रंग पाच असतील तर दगड पाच. ही शिळाछपाई लक्षात ठेवा. ती आपल्याला लोणावळ्याला भेटणार आहे.

या साऱ्या कागदांत थिएटरवाल्याला ‘तुम्ही’ म्हणून संबोधलेले असते. तुम्ही हे करा, तुमच्या गावातल्या कापडवाल्याशी संधान बांधा, शाळेच्या मास्तरांना फुकट पास द्या. आणि त्याचा आवाजही छापला जायचा. ‘एक्झिबिटर्स हेरल्ड’ नावाच्या साप्ताहिकात एक सदर होते, ‘या पटाने माझे काय केले’ अशा अर्थाच्या नावाचे. छोट्या गावांतले थिएटरवाले त्यात दोन-चार ओळींत लिहीत. पट चांगला होता पण पाऊस पडला, किंवा पट टाकाऊ, गर्दी मात्र झाली, अशा धर्तीचे. मोठमोठ्या समीक्षकांपेक्षा ही सदरे मला जास्त शिकवून गेली. आज ही व्यापारी साप्ताहिके इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी एकदा जरूर चाळावीत.

पण नुसत्या मनधरणीवर धंदा चालत नव्हता. पॅरामाउंट कंपनी १९१४ साली निघाली तेव्हा तिची योजना वर्षाला १०४ पटांची होती, आठवड्याला दोन. थिएटरवाल्याला ते सोयीचे होते, वर्षभराची चिंता मिटली. पुढे झुकोरच्या हातात सूत्रे गेल्यावर सोयीची सक्ती झाली. मेरी पिकफर्ड या लाडक्या नटीचा पट हवा ना, मग हे आणखी इतके घ्या, तेही पाहण्याआधी. याला ‘ब्लॉक बुकिंग’ म्हणत. चिडलेल्या थिएटरवाल्यांनी १९१७ साली एकत्र येऊन फर्स्ट नॅशनल नावाची स्वतःचीच कंपनी काढली आणि चार्ली चॅप्लिनला आठ पटांसाठी १० लाख डॉलर दिले. तरी ब्लॉक बुकिंग अमेरिकेत १९४८ च्या न्यायालयीन निकालापर्यंत टिकले. हे आठवले की प्रेसबुकातल्या त्या गोड ‘तुम्ही’मागे काय उभे होते ते कळते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय अमेरिका सोडवत नाही. १९१५ चा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’. नाटकासारखे दोन डॉलरपर्यंतचे तिकीट, पटाबरोबर फिरणारा वाद्यवृंद, शहराशहरांत आधी पोहोचणारी माणसे. जाहिरातीचे तंत्र म्हणून सगळेच पहिल्या प्रतीचे. पण तो पट काळ्या माणसांविषयी विष ओकणारा आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या हिंसक संघटनेला वीर ठरवणारा होता, आणि जाहिरात म्हणून क्लॅनचा पांढरा वेष घातलेले घोडेस्वार रस्त्यांवरून फिरवले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात विल्यम सिमन्स याने अटलांटाजवळ क्लॅनचे पुनरुज्जीवन केले. मुहूर्त निवडला तो हा पट अटलांटात लागण्याच्या सुमाराचा, आणि वर्तमानपत्रात पटाच्या जाहिरातीशेजारी संघटनेची जाहिरात दिली. काळ्या नागरिकांच्या संघटनेने, एनएएसीपीने, शहरोशहरी विरोध केला. छपाईतला माणूस म्हणून मला हे टोचते. ते कागदही कुणीतरी नेटके छापलेच असणार, रंग जुळवून, कडा सरळ कापून.

आता मुंबईत येऊ.

७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे पट दाखवले, तेव्हा ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आलेल्या जाहिरातीत शतकातले नवल, जगातले आश्चर्य असा मजकूर होता आणि तिकीट एक रुपया. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलला आणि लगेच दर फुटले: चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत. शिवाय गोषातल्या स्त्रियांसाठी राखीव बॉक्स. पाहा, वस्तू तीच, पण एका आठवड्यात जाहिरातदाराला कळले की या शहरात एक प्रेक्षक नसून अनेक आहेत.

मे १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. आठवड्याने वर्तमानपत्रात जाहिरात आली, तिचा आशय असा: मुंबईतल्या जवळजवळ निम्म्या हिंदूंनी गेल्या आठवड्यात हा खेळ पाहिला, उरलेल्या निम्म्यांनी तो बदलण्याआधी पाहावा. इतका आत्मविश्वास! पण त्यात एक खरी अडचण लपलेली आहे. खेळ बदलायचाच असे. थिएटरवाल्याला आठवड्यापलीकडे पट धरून ठेवायची सवयच नव्हती.

दुसऱ्या वर्षी त्याच कॉरोनेशनमध्ये, ३ मे १९१३ ला, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याआधी २१ एप्रिलला ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खास खेळ झाला होता. वर्तमानपत्रवाले आणि शहरातली प्रतिष्ठित मंडळी यांना आधी दाखवायचे, म्हणजे थिएटरवाल्याला धीर येतो, हे फाळक्यांना त्या वेळीच कळलेले होते. कॉरोनेशनचे नानासाहेब चित्रे यांनी पट घेतला. जाहिरात मोठी वाचनीय आहे. हिंदी, म्हणजे भारतीय, बनावटीचा पहिला पट, प्रचंड खर्चाने तयार केलेला, काशीक्षेत्रातली दृश्ये. आणि त्याच खेळात सोबत एका मड्डमेचा नाच, एक विनोदी प्रवेश, आणि पायांनी वस्तू झेलणारा कसरतपटू! नुसता हरिश्चंद्र पुरेल याचा भरवसा अजून नव्हता.

फाळक्यांविषयी आपल्याकडे खूप बोलले गेले आहे. दागिने गहाण ठेवणे, डोळे जाणे, पत्नी सरस्वतीबाईंचे कष्ट. एक गोष्ट मात्र पुरेशी बोलली जात नाही. दादासाहेब मुद्रक होते. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी त्यांनी लोणावळ्याला शिळाछपाईचे काम केले होते. पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि रंगीत छपाईची यंत्रे आणायला १९०९ साली जर्मनी गाठली. रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या त्या याच दगडांवरून. म्हणजे एक चित्र हजारो घरांत कसे पोहोचवायचे, त्याची किंमत आण्यांत कशी बसवायची, ते कोणत्या दुकानात टांगायचे, हे सगळे शिकूनच हा माणूस सिनेमात आला. पट काढायला भांडवल हवे होते तेव्हाही त्यांनी तोंडाने काही सांगितले नाही. वाटाण्याचे रोप उगवून वर येतानाची छायाचित्रे रोज घेऊन त्याचा छोटा पट केला आणि सावकारी करू शकणाऱ्या स्नेह्याला दाखवला. जाहिरातच होती ती. पहिला प्रेक्षक कर्ज देणारा, दुसरा थिएटरवाला, तिसरे आपण.

सुरतेची हकिगत तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. तिथे पहिल्या खेळाला गल्ला जमला तीन रुपये. थिएटरवाला म्हणाला, आमच्या लोकांना दोन आण्यांत सहा तास नाटक पाहायची सवय आहे, तुम्ही दीड तासाला तीन आणे मागता. पट लांबवा नाहीतर दर उतरवा. फाळक्यांनी दोन्ही केले नाही. जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, सगळे फक्त तीन आण्यांत!

मी एकदा बसून हा हिशेब केला. पट सुमारे ३,७०० फूट. एका फुटात १६ चित्रे. गुणाकार येतो ५९,२००. म्हणजे छायाचित्रांचा आकडा प्रामाणिक, उलट थोडा कमीच. दोन मैल मात्र साडेदहा हजार फुटांच्या वर होतात, तिथे जवळजवळ तिप्पट ताणले आहे. पण मला खरी प्रतिभा दिसते ती मापात. सुरत ही व्यापाऱ्यांची पेठ. तिथे कला, भक्ती, पहिला स्वदेशी पट यांतले काही न बोलता, नग किती आणि लांबी किती, इतकेच सांगितले. काशीची दृश्ये गिरगावाला, नग आणि लांबी सुरतेला. थिएटरवाल्याची तक्रार नीट ऐकून घेऊन तिचेच उत्तर जाहिरातीत छापले. असे ऐकणे मला थोर वाटते.

१९१७ च्या ‘लंका दहन’ला मग कुणाची मनधरणी करावी लागली नाही. सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालले. मद्रासला गल्ल्याची नाणी बैलगाडीतून, पोलिस बरोबर देऊन न्यावी लागली असे सांगतात. ती बैलगाडी हीच पुढे कितीतरी वर्षे सर्वांत मोठी जाहिरात ठरली. थिएटरवाल्याला दुसऱ्याचा गल्ला दाखवण्याइतके परिणामकारक काही नसते.

कोल्हापूरची कथा याहून वेगळी आहे. तिथे कागद आला तो चित्रकाराच्या हातून. बाबूराव मेस्त्री, म्हणजे आपले बाबूराव पेंटर, आणि त्यांचे भाऊ आनंदराव हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. चाळीस फुटांवरच्या शेवटच्या रांगेला राजवाडा राजवाडाच दिसला पाहिजे, हे पडदे रंगवणाऱ्याचे शास्त्र. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी कॅमेरा स्वतः तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि ‘सैरंध्री’ फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. मंडईजवळचे हे आर्यन गंगाधरपंत पाठकांचे, १९१५ पासूनचे. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले ते याच पटाच्या निमित्ताने. आणि ही पदवी पुढे जाहिरातीत जी पक्की बसली ती आजतागायत.

बाबूरावांनी पोस्टर हे चित्र म्हणून हाताळले. तोवर आपल्याकडची जाहिरात म्हणजे बहुतेक अक्षरेच. नाटकाच्या हँडबिलासारखी वरपासून खालपर्यंत गच्च. १९२३ च्या ‘वत्सलाहरण’साठी त्यांनी चित्रांचे पोस्टर केले आणि ते भारतातले पहिले सचित्र चित्रपट-पोस्टर मानले जाते. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर आज टिकून असलेल्यांत सर्वांत जुने म्हणून ओळखले जाते. या पटाला इंग्लंडमधल्या वेंब्लीच्या प्रदर्शनात पदक मिळाले. पटाबरोबर छायाचित्रे असलेल्या माहितीच्या पुस्तिकाही ते काढत. आता विचार करा. सांगली, बेळगाव, हुबळीकडचा थिएटरवाला. त्याला मुंबईचे वर्तमानपत्र दोन दिवसांनी मिळणार, त्यातली जाहिरात इंग्रजी, आणि त्याच्या प्रेक्षकांतल्या पुष्कळांना वाचता येत नाही. त्याच्या दारावर बाबूरावांचे चित्र लागले की दवंडीवाल्याची जरूर निम्मी झाली. अमेरिकेत एकरूपता आली ती साच्यातून. कोल्हापुरात हाताने काढलेले चित्र होते आणि ते काढणारा हात दिग्दर्शकाचाच होता. पडद्यावरचा प्रकाश आणि भिंतीवरचा रंग एकाच माणसाने ठरवलेला, असे जगात फार ठिकाणी घडले नसावे.

या कंपनीत आलेला एक पोरगा हुबळीच्या पत्र्याच्या थिएटरात दारावर उभा राहायचा आणि पाट्या रंगवायला शिकला होता. तो म्हणजे व्ही. शांताराम. थिएटरवाल्याची बाजू त्यांनी दारात उभे राहून पाहिली होती. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात काढली. त्यातले दामले आणि फत्तेलाल पुन्हा चित्रकारच. १९३० साली प्रभातच्या शिवकालीन पटाच्या नावात ‘स्वराज्य’ हा शब्द होता. सेन्सॉरला तो खुपला आणि पट ‘उदयकाल’ या नावाने बाहेर आला. नाव हीसुद्धा जाहिरातच, आणि तिच्यातला एक शब्द सरकारला भारी पडला.

शहराबाहेरची जाहिरात तर कानांसाठी होती. बैलगाडीच्या दोन्ही अंगांना फलक उभे करायचे, पुढे ताशा किंवा बँड, गाडीत बसलेला माणूस रंगीत हँडबिले उधळत चाललेला आणि मागे पोरे. अब्दुल्ली इसूफअल्ली यांच्यासारखे तंबूवाले १९०८ ते १९१४ असे देशभर फिरले. १०० फूट लांब, ५० फूट रुंद तंबू, त्यात हजार माणसे. मुक्काम हलला की जाहिरात पहिल्यापासून. याच इसूफअल्लींनी पुढे अर्देशिर इराणींच्या भागीत मुंबईत थिएटरे घेतली. तंबूत शिकलेले शहाणपण तिथे कामी आले असणारच.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नटीचे नाव सगळ्यांत मोठ्या खिळ्यांत यायला लागले. सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, हे नाव असले की थिएटरवाला पुढचे विचारत नसे. १९२८ साली एका मोठ्या कंपनीचा अनारकलीच्या कथेवरचा भव्य पट येणार होता. इराणींच्या इंपीरियल कंपनीने त्याच कथेवर सुलोचनेला घेऊन आपला ‘अनारकली’ घाईने काढला आणि आधी लावला. ज्याचा कागद आधी पोहोचला त्याला थिएटरे मिळाली. त्याच सुमारास रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील, सिनेमाची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीने देशभर फिरून ३५३ साक्षी घेतल्या. तिला दिसले ते असे: देशात दाखवल्या जाणाऱ्या पटांत भारतीय पट जेमतेम १५ टक्के, बाकी परदेशी, बहुतांश अमेरिकन. युनिव्हर्सल कंपनीची एजन्सी तर इथे १९१६ पासूनच होती. म्हणजे कोल्हापूरचे पोस्टर थिएटरच्या ज्या भिंतीवर लागत होते, तिच्याच दुसऱ्या टोकाला क्लीव्हलँडचे पोस्टर होते. दोन्ही दगडावरचीच.

माझ्या संग्रहात एक हँडबिल आहे, गुलाबी कागदावरचे. एका जुन्या वहीच्या बांधणीत अस्तर म्हणून चिकटवलेले होते. वरचा तिसरा भाग फाटला आहे, आणि पटाचे नाव नेमके त्याच भागात होते. खाली उरले आहे ते असे: खेळाच्या वेळा, दर, स्त्रियांकरिता बसण्याची स्वतंत्र सोय, आणि ‘लवकर या, जागा थोड्या’. मागच्या कोऱ्या बाजूवर कुणीतरी पेन्सिलीने ज्वारीचा हिशेब केलाय. हा पट कोणता ते मला वीस वर्षांत कळलेले नाही. तरी या कागदाने मला पुष्कळ सांगितले. स्त्रियांसाठी वेगळी जागा होती म्हणजे इमारत पक्की असावी. ‘जागा थोड्या’ हे शब्द मराठी खिळ्यांत आणि दर वेगळ्या, झिजलेल्या खिळ्यांत आहेत, म्हणजे दरांचा भाग जुळवून ठेवलेला असायचा आणि पटागणिक फक्त वरचा मजकूर बदलायचा. हा कागद वितरकाने पाठवलेला नाही, थिएटरवाल्याने गावातच छापून घेतलेला आहे.

म्हणून एक विनंती करतो. तुमच्या घरी, आजोळी, एखाद्या बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर असा कागद असेल तर त्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. पाच-दहा वर्षांत त्याचा गोंद कागद खाऊन टाकतो. साध्या पांढऱ्या कागदाच्या दोन घड्यांत सपाट ठेवा, उन्हापासून दूर. मागची बाजू कोरी दिसली तरी तिचाही फोटो काढा. तो कुठे सापडला ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा, त्या कागदावर नको.

आणि सगळ्यात खालची बारीक ओळ पाहा. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे बंधनकारक होते. पटाचे नाव गेले, नट गेले, थिएटर पाडले, तरी ही ओळ बऱ्याचदा शाबूत असते, कारण ती काठावर नव्हे, चौकटीच्या आत बसवायची आमची रीत होती. माझ्या गुलाबी हँडबिलावर तिच्यातली अर्धी अक्षरे शिल्लक आहेत. गाव लागले आहे. छापखान्याचे नाव ‘श्री’पासून सुरू होते, पुढे दोन अक्षरे, मग घडी. येत्या सुटीत मी त्या गावी जाणार आहे.